हे नुसतं पित्त नव्हतं!

आधी एक कबुली देऊन टाकते. काजूकतलीचा तो तुकडा मीच दिला होता.

डोंबिवलीला चुलत भावाचं केळवण होतं. रविवार, घरात पंचवीस-तीस माणसं, किचनमध्ये पुऱ्या तळणं चाललेलं आणि हॉलमध्ये ताईचा साडेतीन वर्षांचा लेक प्रत्येकाच्या मांडीवरून फिरत होता. मी त्याची सगळ्यात लाडकी मावशी (हे माझं मत). तो मिठाईच्या बॉक्सकडे बघत होता, मी झाकण उघडलं, अर्धी कतली मोडून त्याच्या तोंडात घातली आणि ताटांचा फोटो काढायला वळले. त्या फोटोवरची वेळ १ वाजून १२ मिनिटं आहे. पुढचं सगळं मी माझ्या फोनवरूनच जुळवलंय, कारण त्या अर्ध्या तासाची माझी आठवण अगदी गोधडीसारखी तुकड्यातुकड्यांची आहे.

दोन-तीन मिनिटांत तो परत आला आणि म्हणाला, "मावशी, जीभ टोचते." मला वाटलं, चांदीचा वर्ख चिकटला असेल. पाणी दिलं. मग त्याने ओठ खाजवायला सुरुवात केली, मग मान, मग पोट. शर्ट वर केला तर पोटावर लाल गांधी उठलेल्या, चांगल्या रुपयाएवढ्या. आजीने लांबूनच निदान केलं, "पित्त उठलंय गं. अमसूल भिजत घाला." तुमच्या घरी काय वेगळं घडलं असतं? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर असं काही उठलं की त्याला 'पित्त' म्हणतात, अमसुलाचं पाणी चोळतात आणि तासाभरात ते बसतं. बहुतेक वेळा खरंच बसतं. म्हणून तर त्या दिवशी कुणी घाबरलं नाही.

काकूने फ्रिजच्या दारातून ॲलर्जीचं सिरप काढलं आणि अर्धा चमचा पाजलं. ते त्याने ओकून टाकलं. "पोटातलं बाहेर पडलं, बरं झालं," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. १ वाजून २४ मिनिटांनी मी गुगलवर 'लहान मूल काजू अंगावर रॅश' असं शोधलेलं आहे. शोधत होते तोपर्यंत त्याला खोकला सुरू झाला होता आणि आवाज बसला होता, म्हातारा माणूस बोलतो तसा. मग तो एकदम शांत झाला. माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि डोळे मिटायला लागला. मी त्याला थोपटत हॉलभर फिरवत होते. "झोपतोय," मी ताईला खुणेने सांगितलं.

तो झोपत नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे एका हॉस्पिटलमध्ये नर्स असलेल्या शेजारीण काकू, त्यांच्या वाटची मिठाई घ्यायला वर आल्या म्हणून. त्यांनी एकदाच त्याच्याकडे बघितलं, छातीला कान लावला आणि त्यांचा आवाजच बदलला. "नुसतं पित्त नाहीये हे. उचला आणि चला. आत्ता. आणि याला उभं धरू नका." जवळचं नर्सिंग होम रिक्षाने सहा मिनिटांवर होतं. केसपेपरवर वेळ पडलीये, १ वाजून ५१ मिनिटं. म्हणजे जीभ टोचल्यापासून जवळजवळ पस्तीस मिनिटं आम्ही अमसूल, सिरप आणि गुगल या तिघांच्या भरवशावर काढली होती.

तिथे काय झालं ते मात्र मला लख्ख आठवतं. डॉक्टरांनी त्याला टेबलावर आडवं केलं, पायाखाली उशी सरकवली आणि तीनच प्रश्न विचारले. काय खाल्लं? कधी? वजन किती? वजन! पंचवीस-तीस माणसांच्या त्या गोतावळ्यात त्याला कुठल्या कार्टूनमधली कुठली गाडी आवडते हे सगळ्यांना माहीत होतं, वजन फक्त ताईला माहीत होतं. "चौदा किलो." नर्सने एका छोट्या काचेच्या ॲम्प्युलची मान मोडली, बारीक सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि डॉक्टरांनी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, सरळ टोचलं. किती औषध? ०.१४ मिलिलिटर. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, त्यावरून अंदाज करा. मग ऑक्सिजनचा मास्क, वाफेसारखं नेब्युलायझर, सलाइन.

पाच-सात मिनिटांनी तो रडला. मोठ्याने, खणखणीत, नेहमीच्या आवाजात. लहान मुलाच्या रडण्यावर इतक्या मोठ्या माणसांना एकदम रडू आलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

संरक्षणाच्या नेमकं उलट

डॉक्टरांनी केसपेपरवर जो शब्द लिहिला तो ॲनाफिलॅक्सिस. बारावीपर्यंत बायोलॉजी असूनही मी तो कधी धड वाचला नव्हता. त्याचा अर्थ शोधत गेले तर गोष्ट थेट समुद्रावर पोचली.

१९०१ मध्ये मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या संशोधन जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. राजेसाहेबांनीच त्यांना सुचवलं की समुद्रातल्या त्या निळ्या, फुग्यासारख्या जिवाच्या विषाचा अभ्यास करा. हा जीव तुम्हीही बघितला असेल. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर 'ब्लू बॉटल' आल्या, पाण्यात जाऊ नका अशा बातम्या येतात ना, तोच. पॅरिसला परतल्यावर तो जीव मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं आणि कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. कल्पना साधी होती, लसीसारखीच. आधी थोडं विष द्यायचं, शरीर तयार होईल, पुढच्या वेळी जास्त सोसेल. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिल्या डोसातून व्यवस्थित बाहेर पडला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा थोडासाच डोस दिला आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. शरीर तयार झालं होतं खरं, पण भलत्याच दिशेने. संरक्षणाला ग्रीकमध्ये 'फिलॅक्सिस', म्हणून रिशेने १९०२ मध्ये त्याच्या उलट्या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हटलं. १९१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. 'ॲलर्जी' हा शब्द त्यानंतरचा, १९०६ चा. तो काढला व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने.

आमच्या बाळाचंही नेपच्यूनसारखंच झालं होतं. ताईला नंतर आठवलं की महिन्याभरापूर्वी सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा खाल्ल्यावर त्याच्या तोंडाभोवती लाली आली होती. शिरा गरम होता, म्हणून पोळलं असेल असं ठरवून सगळे मोकळे झाले. त्या शिऱ्यात काजू होते.

आत नक्की काय होतं, ते थोडक्यात सांगते. शरीर काजूतल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं मास्ट सेल नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. या पेशी त्वचेत असतात, श्वासनलिकेत असतात, आतड्यात असतात. पुढच्या वेळी काजू पोटात गेला की या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिन व इतर रसायनं बाहेर ओततात. त्वचेत ती आली की गांधी. आतड्यात आली की उलटी, कळ. श्वासनलिकेत आली की ती आवळते, घसा सुजतो. आणि रक्तवाहिन्या सैल पडून गळायला लागल्या की रक्तदाब कोसळतो. म्हणजे बाहेर जे 'पित्त' दिसत होतं ते हिमनगाचं टोक होतं, आणि आम्ही टोकावर अमसूल चोळत होतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मला सगळ्यात भीतीदायक वाटली. काही वेळा अंगावर एकही गांधी उठत नाही. फक्त श्वास लागतो किंवा मूल एकदम लुळं पडतं.

सिरप चुकलं नाही, वाट बघणं चुकलं

मी डॉक्टरांना विचारलं होतं, सिरप द्यायला नको होतं का? त्यांचं उत्तर मी तसंच्या तसं लिहून ठेवलंय. "सिरप दिलंत ते चुकलं नाही. सिरप देऊन वाट बघत बसलात, ते चुकलं."

आपल्याकडे ॲलर्जी म्हणजे ॲलर्जीची गोळी, एवढंच डोक्यात पक्कं बसलंय. हॉस्टेलवर प्रत्येक रूममध्ये एक स्ट्रिप असते. पण ही गोळी किंवा सिरप पोटातून रक्तात जाऊन काम सुरू करायला अर्धा-एक तास घेतं आणि तेव्हाही ते करतं काय, तर खाज आणि गांधी कमी करतं. आवळलेली श्वासनलिका ते उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब ते वर आणत नाही. या दोन्ही गोष्टी पटकन करणारं औषध एकच, ॲड्रिनलिन. हो, तेच ते. ट्रेकला किंवा झिपलाइनवर आपण 'ॲड्रिनलिन रश' म्हणतो, ते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी ते तयार करतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत काम करताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं, हृदयाला जोर देतं आणि त्या फुटणाऱ्या मास्ट सेल्सनाही आवर घालतं.

डोस वजनावर ठरतो. दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणून तर तो वजनाचा प्रश्न. लहान मुलांत साधारण ०.३ मिलिग्रॅम आणि मोठ्यांत ०.५ मिलिग्रॅमच्या वर एका वेळी जात नाहीत. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी डॉक्टर पुन्हा देतात.

आणि मांडीतच का? दंडावर का नाही? मलाही हाच प्रश्न पडला होता. कॅनडातल्या एस्टेल सिमन्स यांच्या टीमने १९९८ मध्ये मुलांवर केलेला एक छोटा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनलिन सरासरी आठ मिनिटांत रक्तात सर्वाधिक पातळीला पोचलं, त्वचेखाली दिलेलं सरासरी चौतीस मिनिटांनी. आठ आणि चौतीस. आमच्या त्या रविवारच्या पस्तीस मिनिटांसमोर हे आकडे ठेवले की पोटात गोळा येतो.

तुम्ही कोविडची लस घेतली तेव्हा टोचून झाल्यावर अर्धा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, आठवतंय? आपण सगळ्यांनी तिथे सेल्फी काढले आणि सर्टिफिकेट डाउनलोड केलं. तो अर्धा तास याच्यासाठी होता. फार क्वचित, पण लसीनेही ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो आणि झाला तर तो बहुधा लगेच होतो. त्या केंद्रावर एका डब्यात ॲड्रिनलिनचे ॲम्प्युल आणि सिरिंज ठेवलेल्या असायच्या. गावाकडे साप चावलेल्या माणसाला प्रतिविष देतानाही ॲड्रिनलिन हाताशी ठेवतात, कारण ते प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं आणि काहींचं शरीर त्यावर उसळतं. थोडक्यात, हे काही परदेशातून मागवायचं दुर्मीळ औषध नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि एक ॲम्प्युल अगदी स्वस्तात येतो.

दुर्मीळ आहे ते त्याचं पेन. हॉलिवूडच्या सिनेमात बघितलं असेल, मांडीवर ठोकलं की आपोआप सुई आत जाते. अमेरिकेत हे पेन १९८७ पासून आहे. २०१६ मध्ये तिथे दोन पेनांच्या पॅकची किंमत सहाशे डॉलरवर गेली आणि पालकांनी रान उठवलं होतं. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. म्हणून ज्या मुलांना धोका आहे त्यांच्या आईवडिलांना इथले अनेक डॉक्टर ॲम्प्युल आणि सिरिंजच वापरायला शिकवतात, किती ओढायचं, कुठे टोचायचं, त्याचं कार्ड लिहून देतात. हे वाचून कुणी परस्पर मेडिकलमधून आणून ठेवू नका प्लीज. शिकवल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही.

मग तुमच्यासमोर असं झालं तर काय करायचं? काही खाल्ल्यावर, गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखादं औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर उठलं आणि सोबत श्वास लागतोय, आवाज बसलाय, सारखा खोकला येतोय, पुन्हापुन्हा उलट्या होतायत, चक्कर येतेय किंवा मूल अचानक गळून झोपाळलंय, यातलं काहीही असेल तर ते पित्त नाही असं धरून चाला. १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे. फोनवर 'रॅश आलाय' म्हणू नका, 'ॲलर्जी झालीये आणि श्वास लागतोय' म्हणा. गाडी हाताशी असेल आणि हॉस्पिटल जवळ असेल तर थांबू नका, पण मग इमर्जन्सी असलेलं जवळचं हॉस्पिटल, तिकडे गावाच्या टोकाला असलेले नेहमीचे डॉक्टर नव्हे. तोपर्यंत आडवं झोपवा, पाय थोडे वर. श्वास फार लागत असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करू नका, चालवू नका, जिना उतरायला लावू नका. रक्तदाब पडलेला असताना माणसाला उभं केलं तर हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं. मी त्याला खांद्यावर उभा धरून हॉलभर फिरवत होते, हे वर लिहिलंच आहे.

आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं की लगेच घरी न्यायची घाई नको. काही जणांना काही तासांनी तोच सगळा प्रकार परत होतो. आम्हाला रात्रभर थांबवलं होतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला त्याच्या पाठीवर पुन्हा चार गांधी उठल्या तेव्हा कळलं, का ते.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही"

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. डॉक्टरांनी ॲलर्जी तज्ज्ञांकडे पाठवलं, त्वचेवर थेंब टाकून बारीक सुईने टोचायची चाचणी झाली, काजू पक्का निघाला. सोबत पिस्ताही. हे दोघे झाडांच्या एकाच कुळातले, त्यामुळे एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही असण्याची शक्यता खूप. शेंगदाणा मात्र त्याला चालतो, कारण शेंगदाणा हा काजूचा नातेवाईकच नाही, तो हरभरा-वाटाण्याच्या घरातला. (इथे एक सावधगिरीची सूचना. इन्स्टावर एका थेंबात दोनशे पदार्थांची टेस्ट अशा जाहिराती फिरतात. त्यातल्या बऱ्याच 'आयजीजी' मोजतात आणि आयजीजी वाढलेलं म्हणजे ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी या टेस्ट करू नका असं स्पष्ट सांगितलंय. खरी चाचणीसुद्धा तुमच्या लक्षणांच्या गोष्टीसोबतच वाचायची असते.)

आता काजू-पिस्ता टाळायचा, एवढंच ना? आपल्या घरात करून बघा. कोजागरीचं मसाला दूध. गणपतीचे दहा दिवस घरोघरचा प्रसाद. डिंकाचे लाडू. हॉटेलातली कुठलीही पांढरी किंवा 'शाही' ग्रेव्ही, तिच्यात काजूची पेस्ट असतेच. "अगं, काजू वेचून काढलेत मी याच्या वाटीतले," असं प्रेमाने सांगणारी आत्या. ज्या झाऱ्याने काजू तळले त्याच झाऱ्याने काढलेला चिवडा. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याची तर आपल्या स्वयंपाकघरात काय अवस्था होत असेल! खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, ठेचा, जिकडे बघावं तिकडे कूट.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणसं. ताई आता प्रत्येक समारंभात "यात काय काय आहे?" विचारते आणि मागून कुजबुज ऐकू येते. फार नखरे आहेत बाई आजकालच्या आयांचे. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. थोडं थोडं देत गेलं की सवय होते. हे शेवटचं वाक्य ऐकलं की मला नेपच्यून आठवतो. (ॲलर्जी कमी करण्यासाठी अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करायचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. आत्याच्या देखरेखीखाली नाही.)

पाकिटावरचं लेबल वाचायची सवय मात्र आम्हाला सगळ्यांना लागली आहे. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार गहू व ग्लूटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वरचे सल्फाइट, हे पदार्थ पाकिटात असतील तर ते वेगळे नमूद करावे लागतात. बहुतेक वेळा इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत की आजीला भिंग घेऊन वाचावं लागेल आणि आजीला इंग्रजी येत नाही. त्या यादीत तीळ नाहीत. तिळगुळाच्या राज्यात हे जरा विचित्रच, नाही? अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ नमूद करणं सक्तीचं आहे.

तिळावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. जुलै २०१६ मध्ये नताशा एडनान-लापरूज या १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक सँडविच विकत घेतलं. तिला तिळाची ॲलर्जी होती. तिने लेबल वाचलं होतं, तिच्या वडिलांनीही वाचलं होतं. तीळ पावाच्या कणकेतच मळलेले होते आणि लेबलवर नव्हते, कारण दुकानातच बांधून दिलेल्या पदार्थावर तेव्हाच्या कायद्याने ते लिहिणं बंधनकारक नव्हतं. विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी दोन पेनं टोचली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये असे पदार्थही पूर्ण लेबल लावूनच विकावे लागतात. लोक त्याला 'नताशाचा कायदा' म्हणतात.

हे वाचून घाबरून घरातल्या बाळांचं सगळं खाणं बंद करायचं का? तर नाही, उलट. आधी असाच सल्ला दिला जायचा, शेंगदाणे वगैरे उशिरा सुरू करा. मग लंडनच्या गिडिऑन लॅक यांना दिसलं की इस्रायलमधल्या मुलांना, जी अगदी लहानपणापासून शेंगदाण्याचे कुरमुरीत पफ खातात, शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा खूप कमी होते. त्यांनी धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास केला. निम्म्यांना शेंगदाणा दिला, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत दिला नाही. २०१५ मध्ये निकाल आला. ज्यांची सुरुवातीची त्वचाचाचणी निगेटिव्ह होती त्यांच्यात, टाळलेल्या गटात १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली आणि खाल्लेल्या गटात १.९ टक्के. सल्लाच उलटा फिरला. अर्थात ज्या बाळाला जोरदार एक्झिमा आहे त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारायचं आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो. आपल्या आज्या बाळाला पातळ खिमटात चिमूटभर कूट घालून चाटवायच्या, त्या नकळत बरोबरच होत्या म्हणायच्या. अमसुलाचं श्रेय गेलं, कुटाचं घ्या आजी!

माझ्या वयाच्या लोकांना हे सगळं 'आयांचं काम' वाटू शकतं, मलाही वाटायचं. पण भाचरांना सांभाळायला आपणच असतो, ट्रेकवर ज्युनियरला गांधीलमाशी चावते तेव्हा आपणच असतो आणि हॉस्टेलवर रूममेटला कोळंबी खाऊन धाप लागते तेव्हा रात्री अडीच वाजता आपणच असतो. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाला कशाची ॲलर्जी आहे, सांगता येईल? मला माझ्या वर्गातल्या एकाही माणसाबद्दल सांगता येत नव्हतं. मागच्या आठवड्यात विचारलं. दोघे निघाले, त्यातली एक जण पाच वर्षं माझ्याच बाजूला बसून डबा खातेय. तिला अंड्याची आहे, दमाही आहे. दमा नीट आटोक्यात नसेल तर असा झटका जास्त गंभीर होऊ शकतो. ती म्हणाली, "सांगितलं की लोक हसतात, म्हणून सांगत नाही."

भाचा आता चार वर्षांचा झालाय. मागच्या महिन्यात त्याचा वाढदिवस झाला, केक ताईने घरीच केला. त्याच्या डब्याच्या पिशवीत पेन्सिलच्या कंपासएवढी एक पेटी असते. तिच्यात दोन ॲम्प्युल, दोन सिरिंज आणि डॉक्टरांचं कार्ड. ते कसं वापरायचं हे ताई, जिजू, आजी आणि मी, चौघांनी डॉक्टरांसमोर संत्र्यावर सुई टोचून शिकून घेतलं. आजीचा हात आमच्यापेक्षा स्थिर आहे. शाळेतल्या बाईंना ताईने स्वतः जाऊन सगळं समजावलं, त्यांनीही न कंटाळता ऐकून घेतलं. तो स्वतः आता कुणी काही हातावर ठेवलं की आधी विचारतो, "काजू आहे का यात?" अगदी देवळातल्या गुरुजींनाही.

आणि ताईच्या फ्रिजवर, विजेच्या बिलाशेजारी, चुंबकाखाली एक चिठ्ठी लावलीये. तिच्यावर १०८, नर्सिंग होमचा नंबर, तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांचा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत त्याचं वजन. चौदाचा आकडा खोडून पंधरा केलाय. गेल्या रविवारी मी गेले होते तेव्हा त्याला काट्यावर उभा केला, तर तो एका पायावर उभा राहिला. त्याचं म्हणणं, असं केलं की वजन अर्धं होतं. साडेपंधरा भरलं. मी पेन शोधून तो आकडा बदलला.